हसणाऱ्याचं दुःख खोटं नसतं

संकटात सापडलेल्या माणसाने कसं वागावं, याचे अलिखित नियम आपल्या समाजाने बारकाईने घालून दिले आहेत. तो रडला तर पाठीवर हात ठेवायला माणसं येतात. मुकाट राहिला तर ‘सोसतोय बिचारा’ म्हणून कौतुक होतं. पण तो हसला, आणि त्यातही स्वतःच्याच संकटावर हसला, की मंडळी अवघडतात. ‘याला काही वाटतं की नाही?’ अशी कुजबुज सुरू होते. धंदा बुडालेल्याने आपल्या दिवाळखोरीवर कोटी करू नये, केमोथेरपीने केस गेलेल्या बाईने तेलाचा खर्च वाचला असं म्हणू नये, तेराव्याच्या पंगतीत दिवंगत माणसाच्या चिक्कूपणाचा किस्सा कुणी काढू नये, असा दंडक आहे.

हा दंडक मला मान्य नाही. वाईट दिवसांत केलेला विनोद ही माणसाच्या शहाणपणाची खूण आहे, असं माझं म्हणणं आहे. या म्हणण्याला दोन विरोधक आहेत आणि एक घातक समर्थक आहे. तिघांनाही उत्तर देणं भाग आहे.

पहिला विरोधक गंभीर प्रकृतीचा. ज्याला हसू सुचतं त्याचं दुःख वरवरचं असतं, आणि खोल दुःख असूनही तो हसत असेल तर तो त्या दुःखाचा अपमान करतो, असं त्याचं मत.

याला पहिलं उत्तर देहूचं आहे. 1630 च्या सुमाराला दख्खनवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्यात तुकोबांचं दिवाळं वाजलं आणि त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली. याहून खोल दुःख कुठलं दाखवायचं? तरी हाच माणूस एका अभंगात या सगळ्या नुकसानीची यादी करतो आणि प्रत्येक कलमाबद्दल देवाचे आभार मानतो. दिवाळं, दुष्काळ, चारचौघांतली मानहानी यांच्या बरोबरीने घरातल्या कजाग बायकोबद्दलही आभार! अभ्यासक यात वैराग्य पाहतात, आणि ते आहेच. पण आपत्तींची अशी पावती लिहून देणाऱ्या माणसाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू नव्हतंच, असं मानायला कान फारच बधिर हवेत.

दुसरं उत्तर नाझींच्या छळछावण्यांतून आलेलं आहे. ऑशविट्झमधून जिवंत परतलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचं छावणीतल्या अनुभवांवरचं पुस्तक 1946 मध्ये प्रसिद्ध झालं. बांधकामावर शेजारी राबणाऱ्या एका मित्राला आपण विनोदाची सवय कशी लावली, ते त्यात त्यांनी सांगितलं आहे. सुटकेनंतरच्या आयुष्यात घडेल असा एक तरी मजेदार किस्सा दोघांनी रोज रचायचा, असा करार होता. छावणीत सूप म्हणजे नुसतं पाणी. जे काही दाणे असत ते तळाशी. म्हणून पळी तळातून यावी यासाठी कैद्यांचा जीव टांगलेला असे. त्यावरून रचलेला किस्सा असा, की पुढे कधी कुणाच्या घरी मेजवानीला गेल्यावर आपण भान विसरून यजमानीणबाईंना तळातून वाढण्याची विनवणी करू. या विनोदात भूक लपवलेली नाही. भूकच विनोदाचा विषय आहे. पण उद्याच्या मेजवानीत ज्याला आजची भूक हास्यास्पद दिसते, त्याने उद्याचा दिवस असणार हे गृहीत धरलेलं असतं. जिथे उद्याची शाश्वती कुणाला नव्हती, तिथे हे गृहीत धरणं हीच मोठी गोष्ट होती. या माणसांचं दुःख वरवरचं होतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

दुसरा विरोधक अधिक वजनदार आहे. तो चळवळीतला माणूस आहे आणि त्याची तळमळ खरी आहे. तो म्हणतो, विनोद ही कुकरची शिट्टी. वाफ निघून जाते आणि झाकण जागच्या जागी राहतं. दर पावसाळ्यात खड्ड्यांवर, तुंबलेल्या रस्त्यांवर, रखडलेल्या लोकलवर विनोदांच्या सरी कोसळतात. लोक हसून मोकळे होतात आणि खड्डे पुढच्या वर्षाची वाट पाहत राहतात. ज्याने चिडायला हवं तो हसला, की जबाबदार माणूस सुटतो.

यात तथ्य आहे. मोबाइलवर आलेला विनोद पुढे ढकलून आपण नागरिकाचं कर्तव्य बजावलं असं समजणारे पुष्कळ आहेत. पण शिट्टी झाली म्हणून कुकरमधलं शिजणं थांबत नाही, एवढं तर कुठल्याही स्वयंपाकघरात ठाऊक असतं.

भोंडल्याची गाणी घ्या. आश्विनात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या मुलीबाळींनी सासरची जी टर उडवली आहे, तिला तोड नाही. माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेला आधी कारल्याचं बी पेरायला सांगतात, मग वेल येऊ दे म्हणतात, मग कारली लागू देत, मग त्यांची भाजी होऊ दे. पाठवणी लांबतच जाते. या गाण्याने सासुरवास संपला नाही, हे उघड आहे. पण जे एकटीने बोलायची सोय नव्हती, ते दहाजणींनी एका सुरात म्हटलं आणि पुढच्या पिढीच्या मुलींना शिकवलं. हसण्याने तक्रार विरून गेली असती, तर शिट्टीचा दाखला बरोबर ठरला असता. इथे तक्रार विरली नाही, उलट ती पाठ झाली.

अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाचा साचा घेऊन ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ अशी लोकनाट्यं लिहिली. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहणाऱ्या या माणसाचा प्रेक्षक म्हणजे मुंबईचा श्रमिक. सावकाराची, शेटजीची आणि पुढाऱ्याची फजिती पाहून खदखदून हसलेला कामगार दुसऱ्या दिवशी आपल्या मागण्या विसरला, असा काही इतिहास नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर शाहिरांचे कार्यक्रम आणि आचार्य अत्र्यांच्या सभा यांना गर्दी लोटायची. सभेत हशा पिकायचा आणि मोर्चेही निघायचे. एकाने दुसऱ्याची वाट अडवली नाही.

आणि विनोद निरुपद्रवी असतो की नाही, हे राज्यकर्त्यांनाच विचारावं. नाझी जर्मनीत सरकार आणि पक्षाविरुद्ध कुत्सित बोलणाऱ्यांना शिक्षा देणारा कायदा डिसेंबर 1934 मध्ये झाला. 1944 मध्ये शस्त्रास्त्र कारखान्यात काम करणाऱ्या एका स्त्रीला हिटलरवरचा विनोद सांगितल्याबद्दल देहान्ताची शिक्षा झाली. स्टालिनच्या रशियात विनोद सांगितल्यापायी माणसं श्रमछावण्यांत गेली. विनोद ही निव्वळ वाफ घालवणारी शिट्टी असती, तर या सरकारांनी ती सरकारी खर्चाने वाजवली असती. अर्थात विनोदाने हिटलर पडला नाही. त्याला पाडायला सैन्यं लागली. पण रणगाड्याचं काम विनोदाकडून मागायचं आणि ते जमलं नाही म्हणून त्याला पळपुटा ठरवायचं, हा न्याय नव्हे. विनोदाचं काम माणसाचं मन शरण जाऊ न देण्याचं आहे.

आता तिसरा, म्हणजे समर्थक. हा मला विरोधकांपेक्षा जास्त धोकादायक वाटतो. ‘हसा आणि निरोगी राहा’, ‘हास्य हेच औषध’ असं सांगत तो हसण्याचा काढा विकतो. 1995 मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईच्या एका बागेत पाचजणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. आरंभी तिथे विनोद सांगितले जात. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि जे उरले ते काहींना बोचू लागले. तेव्हा विनोद वगळून नुसतं हसणं ठेवलं गेलं. सकाळच्या हवेत चार समवयस्कांबरोबर हात वर करून हसणाऱ्या आजोबांशी माझं भांडण नाही; व्यायाम आणि सोबत या दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण संकटातला विनोद आणि हा व्यायाम यांचा संबंध नाही. विनोदात बुद्धी लागते. आपल्यावर काय बेतलं आहे ते आधी नीट पाहावं लागतं.

औषधवाल्यांचा आवडता दाखला अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांचा. सांध्यांच्या दुर्धर व्याधीत मार्क्स बंधूंचे चित्रपट पाहून दहा मिनिटं पोटभर हसलं, की दोनेक तास वेदनेविना झोप लागते, असा अनुभव त्यांनी 1979 च्या पुस्तकात नोंदवला. त्याच उपचारात ते मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्वही घेत होते आणि जाणत्या डॉक्टरांची साथ त्यांना होती, एवढा भाग मात्र भाषणांतून गळतो. हसण्याचा परिणाम होत नाही असं नाही. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सोबतीने मोकळं हसल्यावर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली आढळली. पण सगळं हसणं एका जातीचं नसतं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी 2003 मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा सांगितल्या: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला ओरबाडणारा आणि स्वतःलाच तुडवणारा. पहिल्या दोन तऱ्हा मनःस्वास्थ्याच्या सोबतीने दिसतात. स्वतःला सतत तुच्छ ठरवून चारचौघांना हसवणाऱ्यांमध्ये मात्र चिंता आणि औदासीन्य जास्त दिसतं. मग ‘कसंही करून हसा’ हा सल्ला कुणाच्या भल्याचा? उलट तो दुखावलेल्या माणसावर आणखी एक ओझं लादतो. दुःख आहेच, आता ते हसतमुखाने मिरवायचं!

म्हणून कोणता विनोद तारतो आणि कोणता बुडवतो, हे सांगणं माझ्यावर येतं. माझ्या कसोट्या दोन.

पहिली कसोटी: विनोद संकटाकडे बोट दाखवतो, की संकटावर पांघरूण घालतो? याचं सगळ्यांत धारदार उत्तर एका थोर मराठी विनोदकारानेच देऊन ठेवलं आहे. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर 1919 मध्ये रंगभूमीवर आलं. वकिलीची सनद स्थगित झाल्याच्या अपमानाने पेटलेल्या नायकाला, सुधाकरला, दुःख विसरण्यासाठी पहिला प्याला देतो तो तळीराम, आणि नाटकातलं सर्वांत मोठं हसूही तळीरामाचं आणि त्याच्या आर्यमदिरामंडळाचं आहे. दारूच्या बाजूने तो एकेक अफलातून युक्तिवाद करतो आणि प्रेक्षक हसून लोळतात. तिकडे सुधाकरच्या बायकोचं, सिंधूचं, घर बुडत असतं. त्या मंडळाचं हसणं प्याल्याकडे बघावं लागू नये म्हणून आहे.

आता दुसरं मंडळ पाहा. दारू सोडू पाहणाऱ्यांची ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही चळवळ 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या बैठका महाराष्ट्रातही भरतात. बाटली लपवण्यासाठी केलेल्या युक्त्या, बायकोला मारलेल्या थापा, गटारात काढलेल्या रात्री माणसं तिथे उभी राहून सांगतात आणि बाकीचे हसतात. बाहेरचा माणूस हे हसणं ऐकून हबकतो, याची दखल त्या चळवळीच्या 1939 च्या मूळ पुस्तकातच घेतलेली आहे. विषय तोच, दारू. माणसंही तीच, दारूडी. पण तळीराम हसतो तेव्हा प्याला भरला जातो आणि इथे माणसं हसतात तेव्हा तो पालथा राहतो. कारण इथे प्रत्येकाने आपल्या थापेला थाप म्हटलेलं आहे. संकटातल्या विनोदाचं मी जे समर्थन करतो आहे, ते या दुसऱ्या मंडळाचं.

दुसरी कसोटी: विनोद कुणाचा? 2020 च्या टाळेबंदीत घरी बसून कंटाळलेल्याने आपल्या कंटाळ्यावर आणि बिघडलेल्या पोळ्यांवर विनोद केले, ते रास्तच. तोच विनोद पायी गावाकडे निघालेल्या मजुरावर केला, की त्याची हिणकस थट्टा होते. ज्याच्यावर बेतलं त्याचा पहिला हक्क. लंडनच्या गरिबांच्या वर्कहाऊसमध्ये बालपणाचा काही काळ काढलेल्या चार्ली चॅप्लिनने भुकेवर हसवलं आणि 1940 मध्ये ‘द ग्रेट डिक्टेटर’मधून हिटलरची रेवडी उडवली. पण छळछावण्यांतल्या खऱ्या भीषणतेची कल्पना असती, तर हा चित्रपट आपल्या हातून झाला नसता, असं त्याने 1964 च्या आत्मचरित्रात लिहिलं. छावणीच्या आत असलेले फ्रँकल विनोद करू शकले आणि बाहेर असलेल्या चॅप्लिनला पुढे तो परवडेनासा झाला. दोघांचंही बरोबर होतं.

मग बाहेरच्याने तोंड उघडूच नये का? उघडावं, पण आधी आत शिरावं. सतीश मनवर यांच्या 2009 च्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा विषय आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर किसनाच्या बायकोला नवऱ्याच्या प्रत्येक गप्पपणाची धास्ती वाटू लागते. ती लहानग्या मुलाला बापाच्या मागावर पाठवते. या पाळतीतून घडणारे घोटाळे पाहून आपण हसतो, पण किसनाच्या गरिबीला हसत नाही. नवरा नुसता शांत बसला तरी बायकोचा थरकाप व्हावा, अशी वेळ ज्या गावांवर आली तिथल्या वास्तवाचं वेडंवाकडेपण आपल्याला दिसतं. आकडेवारीच्या दहा बातम्यांनी जे पोचत नाही, ते या हसण्यातून पोचतं.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. दवाखान्यातल्या खाटेवरून कुणी स्वतःला लावलेल्या नळ्यांवर विनोद केला, तर ‘असं बोलू नये’ म्हणून त्याला गप्प करू नका. मनापासून हसा. तो हसत नसेल तर त्याला हसायला लावू नका. आणि त्याच्या विनोदात रोज तो स्वतःच कवडीमोल ठरू लागला, तर हसणं थांबवून त्याच्याजवळ बसा आणि त्याला सरळ विचारा. वाईट दिवस माणसाकडून बरंच काही हिरावून घेतात. आपल्या दुःखाची गोष्ट कोणत्या सुरात सांगायची, हे ठरवण्याचा अधिकार तरी आपण त्याच्याकडून काढून घेऊ नये.