एक घर भाड्याने देणे हा व्यवसाय आहे का?

कॅलिफोर्नियातील अनेक शहरांत निवासी घर भाड्याने देणे हा व्यवसाय मानला जातो आणि त्यासाठी परवाना घेऊन दरवर्षी कर भरावा लागतो. नोकरी सांभाळून एखादे जादा घर राखणाऱ्या मराठी कुटुंबांना याची कल्पना बहुधा नोटीस आल्यावरच येते. यात रकमेपेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे तो व्यवसायाची सीमारेषा कोठे आखायची आणि ती कोणी आखायची, हा. क्युपर्टिनोच्या आर्थिक स्थितीमुळे त्याला धार आली आहे.

मालमत्ताकर वाढवणे शहरांच्या हाती नाही. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ने मूळ दर एक टक्क्यावर आणि करपात्र मूल्याची वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर रोखली. उरतात ते मुख्यतः विक्रीकर, हॉटेलकर आणि परवाना-कर. ॲपलची ऑनलाइन विक्री क्युपर्टिनोत झाल्याचे धरले जात असल्याने शहराला भरघोस विक्रीकर मिळे. राज्याच्या करविभागाने त्यास हरकत घेतल्यावर, हे उत्पन्न ७३ टक्क्यांनी घटेल असा अंदाज शहराने २०२३ मध्ये मांडला. मोठ्या कंपन्यांवर कर्मचारीसंख्येनुसार कर बसवण्याचा प्रस्ताव नगर परिषदेने २०१८ मध्येच लांबणीवर टाकला होता; जवळच्या माउंटन व्ह्यूच्या मतदारांनी मात्र त्याच वर्षी तसा कर मंजूर केला.

लहान घरमालकांबाबत प्रत्येक शहराची रेषा वेगळी आहे. बर्कलीने २०१६ मध्ये एकूण भाड्यावरील दर १.०८१ वरून २.८८ टक्क्यांवर नेला, तो पाच किंवा अधिक घरे भाड्याने देणाऱ्यांसाठी. ओकलंडमध्ये मात्र एकच घर भाड्याने दिले तरी १.३९५ टक्के कर लागू होतो. महिना ४,००० डॉलर भाड्यावर तो वर्षाला सुमारे ६७० डॉलर होतो. कर्जाचे व्याज, विमा, दुरुस्ती यांची वजावट त्यात नाही. घर तोट्यात असले तरी कर चुकत नाही. हा कर संघीय विवरणपत्रात भाड्याच्या उत्पन्नावरील खर्च म्हणून दाखवता येतो, एवढाच दिलासा.

पुण्यात सदनिका असलेल्यांना हा भेद नवा नाही. मालक स्वतः राहत असलेल्या घराला तेथे मालमत्ताकरात ४० टक्के सवलत मिळते, भाड्याने दिलेल्या घराला नाही. तत्त्व तेच, मार्ग निराळा.

‘प्रपोझिशन २१८’नुसार १९९६ पासून स्थानिक कर नव्याने लावण्यास वा वाढवण्यास मतदारांची संमती लागते. येथेच अनिवासी मराठी मालकाची बाजू लंगडी पडते. एच-१बी वा ग्रीनकार्डधारकाला मत नाही. नोकरीनिमित्त टेक्ससला गेलेल्या नागरिकालाही क्युपर्टिनोत मत नाही. कर मात्र तिघांनाही लागू होऊ शकतो. परिषदेच्या जाहीर सभेत बोलण्यासाठी नागरिकत्वाची वा रहिवासाची अट नसते. नवे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. त्याआधीच्या अर्थसंकल्पीय चर्चेत घरांच्या संख्येनुसार स्पष्ट सूट मागणे त्यांच्या हाती आहे. प्रस्ताव मतपत्रिकेवर छापला गेल्यावर त्याचा मजकूर बदलण्याची संधी फारशी उरत नाही.