इटलीत मोती-सोने घेताना

फ्लॉरेन्सच्या पोन्ते वेक्क्यो पुलावर १५९३ पासून सराफांची दुकाने आहेत. त्याआधी तिथे खाटीक बसत! त्या झगमगाटात पाय अडखळणारच, पण पर्स उघडण्याआधी सराफाकडे भिंग मागा.

सोन्यावर ७५० असेल, तर ते १८ कॅरेट. ५८५ म्हणजे १४ कॅरेट. आपल्याकडच्या २२ कॅरेटपेक्षा त्यात सोने कमीच, त्यामुळे पुढे मोडताना भावही कमी मिळणार. पिवळ्याधमक साखळीवर ९२५ दिसले, तर ती चांदी आहे, वर फक्त सोन्याचा मुलामा!

शिक्क्यात तारा, क्रमांक आणि प्रांताची अक्षरे असतील, तर ती पद्धत १९६८ च्या कायद्याने आली. असा दागिना कोणी 'शंभर वर्षांचा' म्हणून विकत असेल, तर सावध व्हा.

मोत्यांचीही एक गंमत आहे. 'पेर्ले' म्हणजे मोती. पण व्हेनिसमध्ये काचेच्या मण्यांनाही हाच शब्द आहे. ते मणी सुंदर असतात, मात्र किंमत मोत्याची देऊ नका. दुकानदाराला विचारून मोती दातांच्या कडेवर हलकेच घासा. किंचित खरखरीत लागला तर खरा, गुळगुळीत लागला तर बहुधा नकली. भोकाजवळ रंगाचे पापुद्रे दिसले तर माळ खाली ठेवा.

संवर्धित मोतीही खरेच, पण नैसर्गिक मोत्यांच्या मानाने खूप स्वस्त. म्हणून मोत्याचा प्रकार, सोन्याचे कॅरेट आणि वजन पावतीवर लिहून घ्या. तोंडी हमी विमानातून घरी येत नाही!