कॅसेटच्या दशकाची यादी कोण करणार?

अमुक दशकातले सर्वोत्कृष्ट अल्बम कोणते, याच्या याद्या प्रस्थापितांच्या रविवार पुरवण्यांत अधूनमधून येत असतात. त्यात भावगीते असतात, गझला असतात, नव्वदीच्या इंडीपॉपला तर मानाचे पान असते. भीमगीतांची कॅसेट मात्र शोधून सापडत नाही. याचे आम्हाला नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की, आपल्या माणसांत हा वाद रंगला की आपणही त्यांचीच फूटपट्टी हातात घेतो. खप किती झाला, गायक किती मोठा, कंपनी कोणती!

आमच्या मते वाद घालण्यासारखे खरे दशक १९८४ ते १९९४ हे आहे. त्याआधी गाणे मुद्रित करायचे तर रेकॉर्ड कंपनीचे दार ठोठवावे लागे, आणि त्या धंद्यात एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. ऐंशीच्या सुरुवातीला कॅसेट स्वस्त झाली, लहानलहान कंपन्या निघाल्या आणि जलशाच्या मंचावरचा आमचा शाहीर घरोघरच्या टेपरेकॉर्डरमध्ये गेला. त्याच काळात नामांतराचा लढा पेटलेला होता. १९८७-८८ ला 'रिडल्स'चे प्रकरण झाले, १९९० ला बाबासाहेबांना भारतरत्न, १९९१ ला जन्मशताब्दी आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या आणि फोटोंच्या शेजारी कॅसेटची दुकाने लागत. खेड्यातून आलेला माणूस भाकरी बांधून आणलेल्या फडक्यात एखादी कॅसेट गुंडाळून परत जाई. तिचा खप कुठल्या वहीत लिहिला जाणार होता?

आता नावांकडे येऊ. प्रल्हाद शिंदे यांना वगळून यादी होऊच शकत नाही. आषाढी आली की ज्यांच्या आवाजावाचून प्रस्थापितांचेही पान हलत नाही, त्यांच्या भीमगीतांची आणि कव्वालीची नोंद त्याच लेखांत एका ओळीत उरकली जाते. आपल्यातले काही कडवे कार्यकर्ते उलट बाजूने त्यांचे नाव खोडू पाहतात. बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या समाजात विठ्ठलाची गाणी गाणारा कसा चालेल, असा त्यांचा सवाल असतो. सवाल खोटा नाही. पण पोटासाठी गायलेले गाणे आणि समाजासाठी गायलेले गाणे एकाच गळ्यातून आले म्हणून गळा टाकून द्यायचा काय? आम्ही तो टाकणार नाही. शाहीर विठ्ठल उमपांची गत काही वेगळी नाही. 'जांभूळ आख्यान' सगळ्यांना ठाऊक, पण २६ नोव्हेंबर २०१० रोजी दीक्षाभूमीवर, मंचावरच ज्याने देह ठेवला त्या माणसाचे नाते कुठल्या समाजाशी होते, हे सांगताना लेखण्या अडखळतात.

मात्र आमचे खरे भांडण गायकांच्या क्रमांकावरून नाही. भीमगीतांच्या कॅसेटवर गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव बारीक अक्षरात, कधी तेही नाही. वामनदादा कर्डकांचे एकच गाणे कितीतरी गायकांनी गायले. मग श्रेष्ठ कॅसेट कोणाची म्हणायची? आमच्या कवींनी यावर आधीच तोड काढून ठेवली होती. शेवटच्या अंतऱ्यात ते आपले नाव गुंफत. वेष्टनावरून नाव गेले तरी ऐकणाऱ्याला 'वामन' ऐकू येई. आज डीजेच्या भिंतीसमोर धृपद तेवढे घोटायचे आणि शेवटचा अंतरा छाटायचा, म्हणजे कवीची सहीच पुसायची! हे काम कुणी मनुवादी करीत नाही, आपलीच पोरे करतात.

आणि ज्यांची कॅसेट फारशी निघालीच नाही त्यांचे काय? विलास घोगरे यांचा आवाज आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये राहिला. ११ जुलै १९९७ च्या रमाबाईनगर गोळीबारात दहा जण मारले गेले आणि चारच दिवसांनी घोगरेंनी जीवन संपवले. अल्बमची यादी कितीही प्रामाणिकपणे केली तरी हा शाहीर तिच्याबाहेरच राहतो. म्हणून आमच्या यादीत सुटी गाणीही धरावी लागतील.

मतदार बदलला की यादी कशी बदलते, याचा दाखला अमेरिकेत आहे. 'रोलिंग स्टोन'ने २००३ साली ५०० श्रेष्ठ अल्बम निवडले तेव्हा पहिला क्रमांक बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स'चा होता. युद्ध, गरिबी आणि पोलिसी दंडेलीवर बोलणारा, मार्विन गे या कृष्णवर्णीय गायकाचा १९७१ चा 'व्हॉट्स गोइंग ऑन' सहावा होता. २०२० साली नव्या लोकांकडून नव्याने मते घेतली, तर मार्विन गे पहिला आणि बीटल्सचा तो अल्बम चोविसावा! गाण्यांत एक अक्षर बदलले नव्हते. ज्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आमच्या पँथरने नाव घेतले, तिथला हा अनुभव आमच्या तरुणांनी ध्यानात घ्यावा.

आमची मागणी साधी आहे. कॅसेटची फीत दमट हवेत बुरशी धरते, वेष्टनाचा कागद तर आधीच फाटलेला असतो. ज्यांच्या घरी माळ्यावर, पेटीत जुन्या कॅसेट असतील त्यांनी येत्या ६ डिसेंबरच्या आत त्या काढून प्रत्येक गाण्याचा कवी, गायक, संगीतकार, कंपनी आणि साल एका वहीत उतरवावे. जिथे कवीचे नाव छापलेले नाही तिथे शेवटचा अंतरा ऐकून लिहावे. पहिली कोणती आणि दहावी कोणती, हा वाद त्या वह्या समोर ठेवून घालू.