विश्लेषण : सीएनसी राउटर मागवताना स्पिंडलचा आकडा का फसवतो?

मॉड्युलर किचन, कोरीव दरवाजे, ॲक्रिलिकचे नामफलक या व्यवसायांत सीएनसी राउटर आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. लहान कारखानदारही चीनमधून थेट यंत्र मागवू लागले आहेत. शानडोंग प्रांतातील जिनान हे या यंत्रांचे मोठे केंद्र. तिथून मोबाइलवर कोटेशन येते आणि त्यात सर्वात ठळक असतो तो स्पिंडलच्या किलोवॅटचा आकडा. अनेकदा सौदा त्यावरच ठरतो. तो एकटाच वाचला, तर मात्र महागात पडतो.

किलोवॅटचा आकडा काय सांगतो?

स्पिंडल म्हणजे कटर फिरवणारी मोटर. मिनिटाला २४ हजार फेऱ्यांचा ३ किलोवॅटचा स्पिंडल ही ताकद पूर्ण वेगाला देतो. व्हीएफडीने वेग कमी केला की टॉर्क साधारण तेवढाच राहतो, पण ताकद वेगाच्या प्रमाणात उतरते. १२ हजार फेऱ्यांवर हाती उरतो जेमतेम दीड किलोवॅट. दाराच्या पॅनेलला गोलाई देणारे मोठ्या व्यासाचे कटर कमी वेगानेच चालवावे लागतात. त्यामुळे असे काम करणाऱ्याने कागदावरच्या आकड्यापेक्षा आपल्या वेगाला मिळणारी ताकद विचारावी.

देव्हाऱ्याच्या कोरीवकामाची गोष्ट उलटी. तिथे बारीक टोकाचा कटर तासन् तास फिरतो आणि ताकद फारशी लागतच नाही. बेअरिंगचा नेमकेपणा आणि थंड राहण्याची व्यवस्था तिथे अधिक मोलाची. अशा कामाला आणि नामफलकांना २.२ किलोवॅटचा पाण्याने थंड होणारा स्पिंडल सहसा पुरतो. १८ मिलिमीटरचे प्लाय आणि एमडीएफ दिवसभर कापायचे असेल, तर ६ ते ९ किलोवॅटचा विचार रास्त. कटर पकडणारा कोलेटही पाहावा : ईआर २० मध्ये १३ मिलिमीटरपर्यंतची दांडी बसते, ईआर ३२ मध्ये २० पर्यंत.

ताकद वाढली की वेग वाढतो?

नाही, आणि खरी फसगत इथेच होते. दोन धारांचा कटर २४ हजार फेऱ्यांवर फिरतो आहे आणि यंत्राचा सांगाडा हलका असल्याने मिनिटाला ३ मीटरच सरकता येते, असे समजा. प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०६ मिलिमीटर लाकूड येते. एमडीएफसाठी हे फारच कमी. कटर कापण्याऐवजी घासतो, कडा काळ्या पडतात, धार लवकर जाते. ॲक्रिलिक तर वितळून कटरलाच चिकटते. अशा यंत्रावर ९ किलोवॅटचा स्पिंडल म्हणजे बैलगाडीला ट्रकचे इंजिन. गँट्रीचे वजन, रेल आणि सर्वो की स्टेपर मोटर, हे प्रश्न किलोवॅटच्या आधी विचारायचे.

वीजभार किती धरायचा?

६ किलोवॅटचा स्पिंडल असलेल्या मोठ्या यंत्राबरोबर शीट धरून ठेवणारा व्हॅक्यूम पंप येतो. तो अनेकदा साडेपाच ते साडेसात किलोवॅटचा. भुसा ओढणारे यंत्र आणि अक्षांच्या मोटरी वेगळ्या. एकूण भार १५ किलोवॅटच्या पुढे सहज जातो. थ्री फेज जोडणी आणि मंजूर भार यांची खात्री ऑर्डरआधी झालेली बरी; यंत्र दारात आणि वाढीव भाराचा अर्ज महावितरणकडे, हे दृश्य परवडणारे नाही.

आयातीत खर्च कुठे वाढतो?

आयातीसाठी डीजीएफटीचा आयात-निर्यात कोड लागतो. लाकूडकामाची यंत्रे सीमाशुल्काच्या ८४६५ या शीर्षकात मोडतात. यंत्र, जहाजभाडे आणि विमा मिळून किंमत ५ लाख रुपये आणि मूळ शुल्क साडेसात टक्के धरले, तर शुल्क ३७,५०० रुपये, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ३,७५० आणि या साऱ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी म्हणजे ९७,४२५ रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर शेवटच्या रकमेचे क्रेडिट मिळू शकते, पहिल्या दोन्हींचे नाही. दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून कस्टम्स एजंटकडून त्या आठवड्याचा दर घ्यावा.

‘सीआयएफ न्हावा शेवा’ म्हणजे घरपोच नव्हे. कंटेनरमधील जागा इतरांशी वाटून माल आला, की कंटेनर फ्रेट स्टेशनचे शुल्क, डिलिव्हरी ऑर्डर, हाताळणी असे आकार इथे वसूल होतात. जहाजभाडे संशयास्पद स्वस्त दिसले, तर ते बहुधा या बाजूने भरून काढलेले असते. या आकारांचा आकडा आधी लेखी घ्यावा. लाकडी खोक्यावर आयएसपीएम १५ ची मोहोर नसेल, तर माल बंदरातच अडकू शकतो आणि विलंबाचे भाडे चढत राहते.

पैसे साधारण ३० टक्के आगाऊ आणि उरलेले माल निघण्यापूर्वी मागितले जातात. दुसरा हप्ता देण्याआधी आपल्याच मालावर, आपल्याच जाडीच्या शीटवर यंत्र चालवून दाखवलेला व्हिडिओ मागावा. मधेच ‘बँक खाते बदलले’ असा मेल आला, तर फोनवर खात्री होईपर्यंत एक रुपयाही पाठवू नये.

मग इथल्याच विक्रेत्याकडून घ्यावे का?

पहिलेच यंत्र असेल तर बहुतेकदा हो. स्पिंडलची बेअरिंग झिजणारच. त्या दिवशी सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा असेल, तर किमतीत वाचलेले पैसे बंद कारखान्यात जातात. थेट मागवायचेच ठरले, तर त्याच खोक्यात एक जादा स्पिंडल, व्हीएफडी आणि कोलेटचा संच मागवून घ्यावा. जहाजभाड्यात फरक नगण्य पडतो.