खटका असला म्हणजे झालं?

चाकू म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमातला व्हिलन आणि त्याचा रामपुरी आठवतो. प्रत्यक्षात होस्टेलच्या दर दुसऱ्या खोलीत एक फोल्डिंगचा चाकू असतोच. वायर सोलायला, पेरू कापायला, पार्सल उघडायला. घेताना प्रत्येकजण एकच विचारतो, "लॉक आहे ना?" माझं मत असं, की कच्च्या लॉकपेक्षा लॉक नसलेला चाकू परवडला.

जरा हिशोब मांडा. पातं ८ सेंटिमीटर, आणि खटका पिनपासून ८ मिलिमीटरवर टेकलेला. टोकाशी पाठीकडून २० न्यूटन, म्हणजे साधारण दोन किलो वजनाचा दाब आला, तर खटक्यावर येतात २०० न्यूटन. दहापट! फर्स्ट इयरचं मोमेंटचं गणित आहे, फक्त इथे मार्क नाही, बोटं जातात.

बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो लायनर लॉक. मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी टेकते. अमेरिकेच्या मायकेल वॉकरने १९८० च्या दशकात ही पद्धत सुधारून रूढ केली. एका हाताने उघडतो, मिटतो, स्टाईल तर आहेच. पण ती पट्टी म्हणजे दाबाखालचा बारीक कॉलम. स्वस्त मालात ती पातळ आणि जेमतेम कडेवर टेकलेली, मग बकलिंग तरी होणार नाहीतर ती सटकणार. शिवाय मिटताना अंगठा नेमका पात्याच्या वाटेत.

लॉकबॅकमध्ये मुठीच्या पाठीवरचा दांडा पात्याच्या खाचेत बसतो. चांगला बनवला तर भक्कम. पण आपल्या यवतमाळात खिशात कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ फुकट मिळते. ती खाचेत गेली की दांडा अर्धवट बसतो आणि वरून कळतही नाही.

मला आवडतो फ्रान्सचा ओपिनेल. चाकू १८९० चा, त्यावरची फिरवायची रिंग १९५५ ची. रिंग फिरली की पात्याची वाट बंद, आणि ती फिरली की नाही हे डोळ्याला दिसतं. पावसाळ्यात लाकडी मूठ फुगून पातं अडकतं, तेवढं चालवून घ्यायचं.

आणि बिनखटक्याचा? संत्र्याची कलमं करणाऱ्याचा हात कधी बघा. जंबेरीच्या खुंटावर छेद घेऊन डोळा भरताना त्याचा चाकू बहुधा नुसत्या स्प्रिंगच्या ताणावर उघडा असतो. स्विस आर्मीच्या नेहमीच्या ९१ मिलिमीटरच्या चाकूचं मोठं पातंही तसंच. पातं मिटू शकतं हे त्या माणसाला ठाऊक असतं, म्हणून जोर धारेच्याच दिशेने. लॉकवाले आपले वीर मात्र टोक खुपसून पट्ट्याला भोकं पाडतात, डब्याची झाकणं उचकटतात!

नवा चाकू घेतलात तर दुकानातच, बोटं पात्याच्या वाटेबाहेर ठेवून, त्याची पाठ लाकडी काउंटरवर हळू दाबून बघा. खटका हलला तर तिथेच परत करा. भोकं पाडायला टोच्या मिळतो, तोही चाकूपेक्षा स्वस्त.