किल्ला न चढताही पाहता येतो

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे दोन-तीन महिने राहून येणारे आई-वडील आता घरोघरी आहेत. मुले सुटी काढतात, हौसेने सहलीचा बेत आखतात आणि चार दिवसांत दहा स्थळे बसवतात. परतल्यावर ज्येष्ठांच्या स्मरणात उरते ती मात्र गाडीत अवघडलेली कंबर. एकदा जूनच्या आरंभी आम्ही वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर पाच दिवस राहिलो. तेथे जे उमगले, ते आज आपल्यापुढे ठेवते.

मुक्काम एकच होता, लँडिड्नो. दोन टेकड्यांच्या मध्ये चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा आणि त्याला लागून रुंद, सपाट पदपथ. माझ्या यजमानांचे वय 76, दोन्ही गुडघ्यांत संधिवात. तरी रोज सकाळी एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत, असे ते आनंदाने चालत. शेजारच्या ग्रेट ऑर्म टेकडीवर 1902 पासून दोराने ओढली जाणारी ट्राम जाते. त्यामुळे माथ्यावरून समुद्र पाहण्याचे सुखही त्यांना लाभले.

दुसऱ्या दिवशी कॉनवीचा किल्ला. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने तो 1283 ते 1287 या काळात बांधवून घेतला. आठ भक्कम बुरुज आणि आत गोल जिने. किल्ला म्हटला की मराठी माणसाची पावले वर वळतातच. पण लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही इथेच बसा, आम्ही वर जाऊन येतो." ते बसले. आम्ही उतरलो तेव्हा ते गप्प होते आणि संध्याकाळभर गप्पच राहिले. रात्री मला एवढेच म्हणाले, "गुडघा दुखतो याचे दुःख नाही. मला कोणी विचारलेच नाही, याचे आहे."

सकाळी मी ते लेकीच्या कानावर घातले. तिने मुकाट्याने नकाशा बाबांपुढे पसरला. त्यांनी अँगलसी बेटावरचा ब्युमॅरिसचा किल्ला निवडला. 1295 मध्ये सुरू झालेले हे बांधकाम पैशाअभावी अपुरेच राहिले. मात्र तो सपाट पाणथळ जागी असल्याने आतले अंगण चढ न चढता पाहता येते. काठी टेकत, तीनदा बसत, यजमान तासभर फिरले. तटाच्या आत दुसरा तट कशासाठी, हे नातवाला समजावून सांगताना त्यांचा चेहरा पूर्ववत उजळला. कॉनवी, ब्युमॅरिस, कायर्नार्वन आणि हार्लेक हे चार किल्ले 1986 पासून जागतिक वारशात आहेत. आम्ही दोनच पाहिले, पण निवांत पाहिले.

चौथ्या दिवशी बॉडनन्ट उद्यान. तेथील लॅबर्नमची 55 मीटर लांबीची कमान मेच्या अखेरीस व जूनच्या आरंभी पिवळ्या घोसांनी झाकून जाते. आपल्या बहाव्याचीच आठवण व्हावी! हे झाड विषारी आहे, म्हणून नातवंडांना शेंगा तोंडात घालू देऊ नयेत. उद्यानाचा खालचा दरीकडील भाग उताराचा आहे. तो आम्ही सोडून दिला.

आता थोडी व्यवहाराची गोष्ट. विमानात दर तासाला पोटऱ्या व घोटे हलवावेत, पाणी पीत राहावे. पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्याने कमी होतो. औषधे चिठ्ठीसह हातातील पिशवीतच ठेवावीत. इन्सुलिन सामानात टाकू नये. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून मात्रांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. जूनमध्येही किनाऱ्यावर गार वारा असतो आणि ओला दगड निसरडा होतो. वारा अडवणारे जाकीट आणि काठीला नवे रबरी टोपण, ही तयारी पुरेशी आहे. रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो, तेव्हा पडदे ओढून ठरल्या वेळी झोपावे. स्थळी जाण्यापूर्वी चढ, बाके, स्वच्छतागृह आणि चाकांची खुर्ची यांची फोनवर चौकशी करावी. अपंग व्यक्तीच्या मदतनिसाला अनेक ठिकाणी विनामूल्य प्रवेश असतो, हेही विचारावे.

काळजी घेणाऱ्या मुलांना एवढेच सांगणे: दिवसाला एकच स्थळ ठेवा आणि ते कोणते, हे आधी आई-बाबांना विचारा. आणि ज्येष्ठांनो, आपणही "मला काय, कुठेही चालेल" असे म्हणू नका. काय पाहायचे आहे आणि किती झेपेल, ते मोकळेपणाने सांगा. काळजी आणि मान या दोन्ही गोष्टी बरोबर असल्या, तर प्रवास सुखाचा होतो.