आधी फळी आणा

महाडजवळच्या नातेखिंडीत गाडीखाली आलेल्या कुत्र्याला माणसं कशी उचलतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक जण पुढचे पाय धरतो, दुसरा मागचे, मधली पाठ ओल्या पोत्यासारखी लोंबते, आणि दोघं मिळून त्याला रस्त्याकडेच्या गवतात टाकतात. गाडीने जे मोडलं नव्हतं ते या चार हातांनी मोडतं. मग हात पुसत म्हणतात, ‘आपण आपलं केलं, पुढे त्याचं नशीब.’ नशीब कसलं? ते तुम्ही केलंत.

आमच्या काळ्याचंही असंच झालं असतं. रायगडाला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते अशा एका रविवारी त्याला एका गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. मी पोचले तेव्हा पाचसहा जण भोवती उभे होते आणि एकाने त्याचे मागचे पाय धरलेही होते. मी ओरडले म्हणून त्याने सोडले. शेजारच्या गोठ्यातून फळी आणवली. अंगाखाली चादर सरकवून, पाठ न वाकवता, चादरीसकट त्याला फळीवर ओढून घेतलं. खांद्याजवळ आणि कमरेजवळ ओढणीने बांधलं. तोंडाला सैलसर पट्टी बांधली, कारण वेदनेत घरचं कुत्रंही चावतं, आणि चावलं की लोक दगड शोधू लागतात. धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र तोंड बांधायचं नाही. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. आंब्यावरून पडलेल्या गड्यालाही फळीवरच घ्यायचं असतं, हे प्रत्येक वाडीला ठाऊक आहे. कुत्र्याचा मणका माणसाच्या मणक्यासारखाच हाडांचा असतो, एवढंच ध्यानात घ्यायचं होतं.

पुढचा प्रश्न गाडीचा. एका मिनीडोरवाल्याने काच वर केली. दुसरा म्हणाला, ‘वहिनी, सीट खराब होईल, आणि कुत्र्याला कसला दवाखाना?’ याच गाड्यांतून बाजाराच्या दिवशी कोंबड्या पाय बांधून उलट्या लटकवून नेतात, त्या वेळी कोणाची सीट खराब होत नाही. शेवटी भाजीच्या टेम्पोत भाताचा पेंढा अंथरून आम्ही मुंबईकडे निघालो, 2011 पासून चौपदरीकरण चाललेल्या त्या महामार्गावरून. प्रत्येक खड्ड्याला मी फळी दोन्ही हातांनी दाबून धरत होते.

मुंबईच का? कारण मोडलेल्या मणक्याचं चित्र काढून त्यावर शस्त्रक्रिया करणारी ठिकाणं तिथे आहेत. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालचं, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयही एकोणिसाव्या शतकातलं, आणि 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटांचं नवं रुग्णालय सुरू झालं. जवळजवळ दीडशे वर्षांत ही विद्या महाड-पोलादपूरपर्यंत येऊन पोचली नाही. 1962 क्रमांकावर फोन केला की फिरतं पथक शेतकऱ्याच्या दारी येतं, ही चांगली सोय आहे. पण ती मुख्यतः गाईगुरांसाठी आखलेली आहे. मांडीचं हाड मोडलेल्या मांजराला दारात एक इंजेक्शन मिळून भागत नाही. त्याला कुठे तरी न्यावं लागतं, आणि नेण्याची वाट कोणी तयार केलेली नाही.

नियम आहेत, आणि ते वाईट नाहीत. जनावरांच्या वाहतुकीच्या 1978 च्या नियमांत कुत्र्या-मांजरांचं वेगळं प्रकरण आहे. प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरचा दाखला, उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी, मोठ्यांना बारा तासांतून एकदा आणि पिल्लांना दर चार तासांनी खाणं, सहा तासांहून लांबचा रेल्वेप्रवास असेल तर सोबत माणूस. ज्याने हे लिहिलं त्याने जनावर जवळून पाहिलेलं असणार. पण हे सारं ज्याला गाडी मिळाली त्याच्यासाठी. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाची आख्खी कुपे घ्या, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत बंद करा. वीर स्टेशनावर उभ्या असलेल्या नाते गावच्या शेतकऱ्याला यातलं पहिलं परवडत नाही, आणि कंबर मोडलेलं कुत्रं त्या पेटीत टाकणं मला तरी जमणार नाही. वेदना होतील अशा रीतीने जनावर वाहून नेणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. तोच आकडा आजही लागू आहे. पन्नास रुपयांत आज नात्याच्या हॉटेलात दोघांचा चहा-वडापावही होत नाही. एवढा स्वस्त गुन्हा करायला कोण घाबरेल?

डॉक्टरांनी काळ्याच्या मागच्या पायाची बोटं चिमट्यात दाबली. पाय झटकन मागे गेला आणि माझ्या जिवात जीव आला. डॉक्टर म्हणाले, ‘पायाकडे नका बघू, तोंडाकडे बघा.’ काळ्याने मान वळवली नव्हती. पाय हलला तो मणक्यातल्या मणक्यात. दुखल्याचा सांगावा मेंदूपर्यंत गेलाच नव्हता. तो पुन्हा मागच्या पायांवर उभा राहणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

गावात पोचायच्या आत निकाल लागला होता. ‘आता काय उपयोग? इंजेक्शन देऊन टाका.’ उपयोग! आठ वर्षं राखण केली, साप दिसला की अंगण डोक्यावर घेतलं, आणि आता उपयोग विचारता? जिथे वेदना थांबवायचा दुसरा मार्गच उरत नाही तिथे डॉक्टरच्या हातून शांत मरण देणं ही दया आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण काळ्याला वेदना नव्हती, भूक होती, आणि मला पाहून भुंकणं होतं. लोकांना त्याचं फरफटणं बघवत नव्हतं म्हणून त्याने मरावं, असा हा न्याय होता.

आम्ही गाडा केला. नळाचे प्लास्टिकचे पाइप, चार-सहा कोपरे, दोन हलकी चाकं आणि जुन्या दप्तराचे पट्टे. हजाराच्या आत काम झालं. गावच्या प्लंबरने पाइप कापून दिले आणि मजुरी घेतली नाही, हेही सांगायला हवं. कंबर पट्ट्यांवर तोलली जाते, पुढचे पाय चालतात. पहिले काही दिवस पंधरा मिनिटांहून जास्त ठेवायचं नाही, कारण सगळा भार खांद्यांवर येतो आणि गाड्यात जनावराला नीट आडवं होता येत नाही. अवघड काम गाड्याच्या बाहेरचं आहे. दिवसातून चार वेळा पोटाखाली हात घालून लघवी दाबून काढायची, नाहीतर ती आत साठून विष होते. दर काही तासांनी कूस बदलायची, नाहीतर हाडांवर जखमा पडतात. दवाखान्यातल्या बाईंनी मला हे एका दुपारी शिकवलं. शिकायला एक दुपार लागते, पण ती दुपार द्यायला कोणी तयार नसतं.

आणि ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांचं तरी काय? मुंबईच्या पैशातून घरं नवी झाली, शेणाने सारवलेल्या जमिनी जाऊन चकचकीत लाद्या आल्या. म्हातारं कुत्रं त्या लादीवर चारी पाय फाकून पडतं, आणि घरचे म्हणतात, ‘आळशी झालंय.’ त्याचे सांधे झिजलेत हो! एक गोणपाट टाका पायाखाली. जांभ्याच्या उंच पायरीला एक फळी तिरकी लावा. वाकून एवढं करायचं नसेल तर निदान त्याला आळशी म्हणू नका.

मांजराचं तर विचारूच नका. आमच्याकडे मांजर जन्मात एकदाच प्रवास करतं, तो पोत्यात. पिल्लं जास्त झाली की पोत्याचं तोंड बांधायचं, मोटारसायकलला अडकवायचं, आणि सावित्री नदीपलीकडे नाहीतर मासळीबाजारामागे रिकामं करून यायचं. घरोघरी हे हसत सांगितलं जातं. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हाही त्याच 1960 च्या कायद्यातला गुन्हा आहे. नसबंदीला न्यायला गाडी नाही म्हणणाऱ्याला टाकायला जायला पेट्रोल मिळतं. मांजर न्यायचंच असेल तर कोंबड्यांचं डालगं घ्या, आत जुनी साडी अंथरा, वरून कापड झाका. अंधार झाला की ते गप्प बसतं. आणि लंगडतंय म्हणून मेडिकलमधली तापाची गोळी चारू नका. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर उठते.

‘आधी माणसांचं बघा’ हे मला रोज ऐकवलं जातं. या तालुक्यात या वाक्याला वजन आहे, हे मी विसरत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मनाई होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना ते पाणी ओंजळीत घ्यावं लागलं. पण त्या तळ्यावरचं पाप पाणी पिणाऱ्या जनावराचं नव्हतं, अडवणाऱ्या माणसाचं होतं. आणि जे मला माणसांची आठवण करून देतात, त्यातला एकही जण वरच्या वाडीतल्या म्हातारीला डोलीतून खाली आणताना मला कधी खांद्याला खांदा लावताना दिसला नाही.

इथून वर रायगडावर, शिवाजी महाराजांचा कुत्रा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वाघ्याचा पुतळा आहे. 2012 साली तो काढला गेला, परत बसवला गेला, 2025 मध्ये पुन्हा वाद पेटला. खरं-खोटं इतिहासकारांनी ठरवावं. पण पुतळ्यातल्या कुत्र्यासाठी दोन्ही बाजूंनी घसा ताणणाऱ्यांच्या गाड्या याच रस्त्याने वर जातात, आणि धडक बसल्यावर ब्रेक दाबणारा विरळा.

22 जुलै 2021 ची पुराची रात्र महाड विसरलेलं नाही. होड्या माणसांसाठी आल्या, तसंच व्हायला हवं. पण पाणी चढताना दारातल्या कुत्र्याची साखळी सोडायला होडी लागत नाही. कतरिना वादळात जनावर बरोबर घेऊ देत नाहीत म्हणून लोक घर सोडायला तयार होईनात, तेव्हा अमेरिकेने 2006 साली कायदा करून सुटकेच्या आराखड्यात पाळीव जनावरांना जागा दिली. आपल्या आराखड्यात ती जागा मागायला आणखी किती पूर यायला हवेत?

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी विषय मांडणार आहे. साडेतीन फुटांची एक फळी, चार पट्टे, एक जाडी चादर, झाकणाचं एक डालगं, आणि ज्यांची गाडी नाही म्हणणार नाही अशा दोन चालकांचे नंबर भिंतीवर. सामानाचा खर्च माझा. पंचायतीने फक्त पडवीतला एक कोपरा द्यावा, आणि त्या पडवीला रात्री कुलूप लावू नये.